चिंचेने घासलेले सूर

मित्रांनो, मी बाजाची एक म्हातारी पेटी. कुणी मला हार्मोनियम म्हणतं, शिकलेली माणसं संवादिनी म्हणतात, पण बुऱ्हाणपुरात नुसतं पेटी म्हटलं की पुरतं. आमच्यासारख्या वस्तूंनी आपली गोष्ट जन्मापासून सांगावी अशी रीत आहे. मी मात्र एका शुक्रवारपासून सुरुवात करते. त्या दिवशी विशेष काहीच घडलं नव्हतं, आणि म्हणूनच तो मला सगळ्यात जास्त आठवतो.

शुक्रवारी आमच्या मोहल्ल्यातले माग बंद असतात. एरवी सकाळपासून पॉवरलूमची खटखट चालू असते आणि त्या खटखटीत बारीक सूर कानाला सापडत नाही. म्हणून माझे मालक जीवन गुरुजी पेट्या जुळवायचं काम शुक्रवारीच काढत. ते प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक, वय शहात्तर. त्या दुपारी त्यांनी माझं झाकण उघडलं, मधले अकरा सूर स्क्रू काढून बाहेर घेतले आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. कुठला सूर कुठून काढला ते पेन्सिलीने शेजारी लिहिलं.

सूर म्हणजे काय, ते सांगते. पितळेची एक बोटभर पट्टी असते. तिच्यात लांबट फट, आणि त्या फटीत एका टोकाला जखडलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा आली की जीभ थरथरते आणि आवाज निघतो. जिभेचं टोक किंचित खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. गुरुजी एकदा खरवडत, फुंकर मारत, डोळे मिटून ऐकत, आणि पुन्हा खरवडत. त्यांच्याकडे सूर मोजायचं यंत्र नव्हतं. कानच होता.

त्यांच्या पत्नी मालूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, ती पितळेची भुकटी गादीवर पाडून राहिले तुम्ही. झोपल्यावर मलाच टोचते."

"तुला टोचली म्हणजे समज, सूर जागेवर आला."

"बोलणं ऐका यांचं! वरण ठंडं झालं की मग मला नावं नका ठेवू."

तेवढ्यात इंदूरहून वैजयंतीचा फोन आला. ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गुरुजींना फोन कानाला लावायचा कंटाळा, म्हणून तो नेहमी मोठ्याने बोलता ठेवलेला असे. त्यामुळे मीही ऐकत असे.

"बाबा, काय करताय?"

"पेटीचं पोट फाडलंय. उद्या येतेस का? ओट्यावरच्या पोरांना गिधाडाच्या हाडाच्या, हजारो वर्षं जुन्या बासरीची गोष्ट सांगणार आहे."

"उद्या नाही जमत. पुढच्या शनिवारी नक्की येते. मला तुम्हाला एक सांगायचंही आहे."

"मग सांग ना."

"फोनवर नको. समोर बसून सांगते."

"बरं. समोर बसून," गुरुजी म्हणाले, आणि जेवायला उठले. उठताना वाऱ्याने कागद हलू नये म्हणून त्यांनी त्या अकरा सुरांवर एक ताट पालथं घातलं.

शनिवारी सकाळी त्यांनी अंथरुणातूनच चहा मागितला. मालूबाई कप घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते.

वैजयंती त्यांना काय सांगणार होती, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, पेटीला दुसऱ्याच्या हातांशिवाय तोंड नसतं. आणि ती गोष्ट तुम्हाला कळावी म्हणून आता मला माझा जन्म सांगावाच लागेल.

मी कोलकात्यात तयार झाले. माझ्या अंगाचं सागवान ब्रह्मदेशातलं, सूर जर्मनीतले, भात्याचं कातडं कुठल्यातरी गंगेकाठच्या बकरीचं. माझ्या आधीच्या पिढीतल्या पेट्या युरोपातून जहाजाने आल्या होत्या. त्या खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायच्या. आपले गाणारे तर मांडी घालून बसतात! तेव्हा कोलकात्याच्या कारागिरांनी पेटीचे पाय कापून टाकले, भाता मागे नेला आणि एका हाताने हवा, दुसऱ्या हाताने सूर अशी सोय केली. मी त्या बसक्या पेट्यांपैकी एक.

मला घडवून घ्यायला एका मराठी नाटक कंपनीचे ऑर्गनवादक आबा स्वतः तिथे दोन महिने राहिले होते. कारखान्याच्या गल्लीच्या टोकाला बूट शिवणाऱ्या चिनी कारागिरांची दुकानं होती. एकदा त्यांच्या सणाच्या दिवशी त्यांच्यातला एक म्हातारा काहीतरी वाजवत गल्लीतून चालला होता. आबांनी त्याला हाताने खुणावून आत बोलावलं, स्टुलावर बसवलं. मी तेव्हा अर्धवट होते, भाता लागायचा होता, छाती उघडी होती. त्या म्हाताऱ्याच्या हातात वाटीएवढं भांडं होतं आणि त्यात बांबूच्या बारीक नळ्या उभ्या खोचलेल्या होत्या. पाखराने पंख मिटून घ्यावेत तसा त्यांचा आकार. तो श्वास आत घेई तरी सूर, बाहेर सोडी तरी सूर. मध्ये खंड म्हणून नाही.

आबांना राहवेना. त्यांनी खुणेने विचारलं, आत काय आहे? म्हाताऱ्याने हसून एक नळी उपसून दाखवली. नळीच्या बुडाशी पितळेची इवलीशी पट्टी होती. पट्टीत फट, फटीत जीभ.

आबांनी माझा एक सूर उचलला आणि तिच्या शेजारी धरला. माझा मोठा होता, तिचा नखाएवढा. बाकी दोघी मायलेकी. आबा एवढंच म्हणाले, "अरे, ही तर हिची आजी!"

हे मी माझ्या उघड्या छातीने पाहिलेलं आहे.

पुढे नाटक कंपनी बुऱ्हाणपुरात आली आणि इथेच मोडली. आबा इथेच राहिले, शिकवण्या करू लागले. ते दिवस माझ्या जातीला बरे नव्हते. रेडिओने तीस वर्षं आम्हाला आत घेतलं नाही. म्हणे पेटी परदेशी आहे, तिला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. घसरता येत नाही हे खरंच आहे. मी पायरी पायरीने चालते, गळ्यासारखी घसरत नाही. पण बुऱ्हाणपुरातल्या भजनांना मी चालत होते. आबांचा सगळ्यात आवडता शिष्य जीवन. आबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला त्याच्या घरी पोचवलं आणि माझ्या आजीची गोष्टही त्याच्या हवाली केली.

जीवन पुढे गुरुजी झाला, आणि मग माझे खरे भरभराटीचे दिवस आले. दर शनिवारी दुपारी चार वाजता गुरुजींच्या ओट्यावर मुलं जमत. गुरुजी एक वाद्य मांडीवर घेत आणि त्याचे जगभरचे नातेवाईक सांगत. ते स्वतः खाली इच्छापूरच्या देवीपर्यंत आणि वर इंदूरपर्यंतच गेलेले. पण सनई हातात घेतली की ते तुर्कस्तानात जात, तिथून चीनला, तिथून युरोपला. "प्रत्येक गावात हिची एक मावशी आहे," म्हणत. पिंपळाच्या कोवळ्या पानाची पिपाणी करून दाखवत आणि विचारत, "आता सांगा, सनई आधी की पिपाणी?" तारा तुटलेलं एक व्हायोलिन होतं. ते दाखवून सांगत की घोड्याच्या शेपटीचे केस तारेवर घासून बघावेत हे मध्य आशियातल्या घोडेवाल्यांना सुचलं असं म्हणतात. सातपुड्यातली भोपळ्याची पावरी ते गाल फुगवून वाजवत आणि मुलं हसून लोळत. मालूबाई आतून ओरडत, "म्हातारपणी फुप्फुस फोडून घ्या आता!"

आणि शेवटी माझी पाळी येई. गुरुजी पाटीवर बांबूच्या नळ्या काढत. "सनईच्या दोन जिभा एकमेकींवर आपटतात. पेटीची जीभ कुणालाच शिवत नाही. चौकटीतून मोकळी आत-बाहेर करते, दोन्हीकडे उघडणाऱ्या दारासारखी. हे दार पहिल्यांदा कुणी बसवलं? चीनमधल्या कारागिरांनी, हजारो वर्षांपूर्वी." मग आबा, कोलकाता, चिनी म्हातारा. मुलं एवढी शांत होत की मला माझ्या भात्यातून निसटणारी हवा ऐकू येई.

पंचवीस वर्षांपूर्वीचा एक शनिवार. वैजयंती तेव्हा नुकतीच शिकून आली होती. दाराला टेकून ऐकत होती. गोष्टीत चिनी म्हातारा आत आला आणि ती म्हणाली, "बाबा, मुलांना असं काहीही सांगू नका. हार्मोनियम फ्रान्समध्ये झाली. पॅरिसच्या एका माणसाने तिचा हक्क नोंदवून घेतला. पुस्तकात लिहिलंय."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. नवीन नवीन ज्ञान झालेल्या माणसाला ते कुठे ठेवू असं होतं ना, तसं होतं ते. पण ओट्यावर पंधरा मुलं होती, काहींचे आईवडील होते. गुरुजींनी हातातली पाटी मांडीवर ठेवली.

"असं का?" ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. मुलांनो, ताई शिकलेली आहे. ती सांगते ते लिहून घ्या. पेटी, फ्रान्स."

आणि त्यांनी पाटी पुसली.

थोड्या वेळाने शेजारच्या मथुराबाई कुंपणापाशी आल्या, तर गुरुजी त्यांना कौतुकाने सांगत होते, "पोरीने आज मला सगळ्यांसमोर चूक काढून दाखवली."

"अन् तुम्ही खूश?"

"मग? शिकवलं कशासाठी तिला?"

ते मनापासून बोलत होते. पण त्या दिवसापासून माझी आजी त्या ओट्यावर पुन्हा कधी आली नाही. सनईच्या मावश्या आल्या, घोडे आले, पावरी आली. माझ्याबद्दल मात्र एकच ओळ. पेटी, फ्रान्स. मला बोलता आलं असतं तर! मी तिथे होते, मी पाहिलं होतं. पण मला फक्त वाजता येतं.

तीन वर्षांपूर्वी वैजयंती दिवाळीला आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. दुपारी गुरुजी खाटेवर झोपले होते आणि ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून वाचत होती. एका पानावर ती थांबली. मला अक्षरं वाचता येत नाहीत, पण चित्र ओळखू आलं. वाटीसारखं भांडं, मिटलेल्या पंखांसारख्या बांबूच्या नळ्या, आणि खाली एका नळीच्या बुडाची मोठी करून काढलेली आकृती. पट्टी, फट, जीभ. वैजयंतीने त्या आकृतीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. मग तिने झोपलेल्या वडिलांकडे पाहिलं.

गुरुजींना जाग आली. "काय वाचून राहिली?"

तिने तोंड उघडलं. आणि म्हणाली, "काही नाही. कामाचं आहे." पुस्तक मिटलं.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली. माझ्याकडे बघायची, वडिलांकडे बघायची, आणि चहाला काय करू म्हणून विचारायची. त्या शुक्रवारी फोनवर तिने पहिल्यांदा म्हटलं की काहीतरी सांगायचं आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता दहाव्याचा दिवस. वैजयंती विधींसाठी तापीच्या घाटावर गेली होती आणि घरी मथुराबाई मालूबाईंना घर धुवायला मदत करत होत्या. दुखवट्यानंतर घरातलं पितळ घासून लख्ख करायची पद्धत आहे. देव निघाले, समई निघाली, तांब्या निघाला. मग मालूबाईंनी ते पालथं ताट उचललं. खाली अकरा सूर, जुने, काळपट.

"अगं बाई," मथुराबाई म्हणाल्या, "हे पण घासून टाकू का?"

"नाही. हे मी घासते. त्यांच्या हाताची वस्तू अशी काळी नको राहायला."

त्यांनी चिंचेचा कोळ घेतला, मीठ घेतलं, काथ्या घेतला, आणि एकेक सूर मांडीवर धरून घासला. फटीतून, जिभेवरून, पुन्हा पुन्हा. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसत घासला. मग सुपात घालून गच्चीवर उन्हात वाळत ठेवले, कुरडया ठेवाव्यात तसे.

मित्रांनो, माझ्या जिभा वाकल्या. ज्या टोकांवर गुरुजींनी केसाएवढं खरवडून सूर आणला होता, तिथे काथ्या फिरला. पन्नास वर्षं त्यांनी मला आपल्या कानाने जुळवलं होतं. ते अर्ध्या तासात पुसलं गेलं. तरी मी मालूबाईंना दोष देत नाही. ज्या बाईने इतकी वर्षं गादीतून ती भुकटी झटकली, तिला शेवटी त्या पितळेसाठी काहीतरी करायचं होतं. आणि पितळेसाठी काय करतात, हे तिला जे माहीत होतं तेच तिने केलं.

वैजयंती घाटावरून आली. सुपातले पिवळेधमक सूर पाहून ती जिन्यातच थबकली. पेटी जुळवणाऱ्याची मुलगी होती ती. सुराला बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नसतो, हे ती अक्षरं शिकायच्या आधी शिकली होती.

"बघ, कसे झाले!" मालूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी इतके चमकताना कधी पाहिले नसतील."

मी वाट पाहत होते. ज्याला चूक दिसते त्याने ती दाखवावी, असा तिचा स्वभाव. वैजयंतीने एक सूर उचलला, उजेडात धरला, परत सुपात ठेवला.

"छान झालेत, आई."

दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रावरच्या पेन्सिलीच्या खुणा बघत, लांबीवरून सूर ओळखत, अकराही सूर माझ्यात परत बसवले. एक स्क्रू तिरका गेला. बाकी नीट बसवले.

तेराव्याला माणसं आली. त्यांत शाहपूरचे कडूभाऊ होते. त्यांच्या केळीच्या बागा आहेत आणि तिथल्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवतात. मालूबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "पेटी तुम्ही न्या. इथे वाजवणारं कुणी नाही. पडून राहिली तर उंदरांची होईल." रविवारी टेम्पो घेऊन येतो, असं ठरलं. जेवणं झाल्यावर कडूभाऊ माझ्यापुढे बसले, हात जोडले आणि भाता ओढला.

खालचा सा बरा निघाला. मग ते वर सरकले आणि मी अशी काही रडले की ओट्यावर पान खाणारी माणसं आत डोकावली. कडूभाऊंनी झाकण उघडलं.

"हे राम! अरे, हे कुणी घासलं?"

मालूबाई स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभ्या होत्या. मथुराबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मी घासलं, काका," वैजयंती म्हणाली.

"तू? जीवन गुरुजीची पोरगी तू! पुस्तकांच्या ढिगात बसते अन् सुराला चिंच लावते? देवाचा तांब्या आहे का तो?" कडूभाऊ रागावले नव्हते, त्यांना दुःख झालं होतं. "यात त्यांचा कान होता, बेटा. आता इंदूरचा माणूस बोलावून जुळवून घेईन मी. पण तो त्या माणसाचा कान असेल."

पंधरा-वीस माणसं ऐकत होती. वैजयंतीची मान खाली गेली नाही.

"चुकलं माझं. बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर मालूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. परातीच्या काठावरून बोट फिरवू लागल्या.

"म्हणजे घासायचे नसतात ते?"

वैजयंतीने मानेनेच नाही म्हटलं.

"मग त्या दिवशी छान झाले का म्हणाली तू? अन् आज अंगावर का घेतलं?"

"चार लोकांत चूक ऐकून कसं वाटतं, ते मला माहीत नव्हतं, आई. बाबांना माहीत होतं."

"त्यांना कोणी काय म्हटलं?" मालूबाईंनी विचारलं. वैजयंतीने माझ्यावर कापड पांघरलं आणि भांडी उचलायला गेली.

शेवटचं सांगायच्या आधी एक विनंती करते, कारण नंतर जमणार नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला ओलीपासून, उंदरांपासून सांभाळा. आठवड्यातून एकदा भाता हलवा, वाजवता येत नसलं तरी. तिचे सूर काळे दिसले तर दिसू द्या, तो त्यांचा म्हातारपणाचा रंग आहे. आणि तिची गोष्ट कुणाला ठाऊक असेल तर त्या माणसाला आजच विचारा. पुस्तकाशी जुळली नाही म्हणून तिला लगेच खोटी ठरवू नका. लिहून ठेवा आणि शोधत राहा.

आता तो शनिवार. दुसऱ्या दिवशी मी शाहपूरला जाणार होते आणि वैजयंती इंदूरला. चार वाजता ओट्यावर पावलं वाजली. सहा-सात मुलं होती. सगळ्यांत पुढे हिमानी, दहा वर्षांची, गुरुजींची सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी.

"ताई, मम्मी बोली, मत जाओ," हिमानी म्हणाली. "पण गुरुजी नाहीत, तरी शनिवार तर आहे ना?"

वैजयंतीने चटई घातली. मुलं बसली. पुढे काय करायचं हे तिला कळेना, म्हणून तिने विचारलं, "बाबांनी काय काय शिकवलं?"

हिमानीने वही उघडली आणि पानं उलटत गेली. सनईची तीन पानं. व्हायोलिनची दोन, घोड्याच्या चित्रासकट. पावरीचं पान भोपळ्याने भरलेलं. मग एक जवळजवळ कोरं पान आलं.

"ताई, हे बघा. सगळ्यांचं पान भरलंय. पेटीची एकच लाइन आहे. 'पेटी, फ्रान्स.' असं का? पेटी तर रोज समोरच असते."

"तुम्ही बाबांना विचारलं नाही?"

"खूपदा विचारलं. गुरुजी म्हणायचे, पेटीचं माझ्या ताईला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

वैजयंतीने वही हातात घेतली. मालूबाई आतून येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. रस्त्यावरून केळीची गाडी गेली, मागांची खटखट चालूच होती. ती बोलते की पुन्हा चहाचं विचारते, एवढंच मी ऐकत होते. बोलली नसती तर माझ्या आजीची गोष्ट त्या घरातून कायमची गेली असती. शाहपुरात ती कुणालाच माहीत नाही.

"पाटी कुठे आहे?" तिने विचारलं.

हिमानीने पाटी आणून दिली. वैजयंतीने तिच्यावर बांबूच्या नळ्या काढल्या. तिला वडिलांसारखं चित्र काढता येत नाही, माझी आजी मोडक्या खराट्यासारखी दिसत होती. पण ती बोलू लागली तेव्हा थांबली नाही. चीनमधलं हे वाद्य, याला शंग म्हणतात. जपानमध्ये याची एक बहीण आहे, लाओसमध्ये दुसरी. अडीचशे वर्षांपूर्वी अशी काही वाद्यं चीनमधून युरोपात पोचली. तिथल्या कारागिरांनी ती मोकळी जीभ पाहिली आणि मग तोंडाने वाजवायचा बाजा, अॅकॉर्डियन, पेटी अशी वाद्यं होत गेली, असं बरेच अभ्यासक मानतात. पेटी फ्रान्समध्ये झाली हे खरं. पण तिची आजी चीनची, हेही खरं. मग तिने आबांची गोष्ट सांगितली. चिनी म्हातारा, कारखान्यातलं स्टूल, उपसून दाखवलेली नळी. पंचवीस वर्षांपूर्वी तिने जिथे ती तोडली होती, तिथून पुढेही सांगितली. मला वाटलं होतं तिने ती कधी पूर्ण ऐकलीच नव्हती. तिला शब्द न् शब्द पाठ होता.

मुलं लिहीत होती. हिमानीने मान वर केली.

"हे सगळं तुम्हाला पुस्तकात मिळालं?"

"पुस्तकात नंतर मिळालं. आधी बाबांनी सांगितलं होतं. याच ओट्यावर, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, काहीही सांगू नका."

"मग तुम्ही त्यांना सॉरी नाही बोललात?"

एक मुलगा हिमानीला कोपराने ढोसू लागला. वैजयंतीने माझ्यावरचं कापड काढलं. डावा हात भात्यावर ठेवला, उजव्या हाताने एक पट्टी दाबली. मधला गंधार, चिंचेने घासलेला. तो वाकडा निघाला, थरथरत, पण निघाला. तिने तो सोडला नाही. भाता ओढत राहिली. मुलांकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. गुरुजी जिथे मांडी घालून बसत त्या जागेकडे बघून ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमचं बरोबर होतं. मला तीन वर्षांपासून माहीत होतं."